एक मिलीमीटरची फट

ध्वनिव्यवस्थेतल्या बहुतेक वस्तू माझ्या डोळ्यांदेखत बदलल्या. स्पूलची टेप गेली, कॅसेट गेली, मिक्सरवरचे फेडर टचस्क्रीनवर गेले, अ‍ॅम्प्लिफायर एका हाताने उचलता येतील इतके हलके झाले. स्पीकर मात्र आजही कागदाचा कोन, सुती कापडाची चकती, तांब्याची तार, लोखंड, चुंबक आणि गोंद यांचाच बनतो. १९२५ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी ज्या रचनेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला, तिचा गाभा आजच्या स्पीकरमध्ये जसाच्या तसा आहे. मी नाटकांची आणि मैफलींची ध्वनिव्यवस्था करतो. माझं सगळं काम या एका रचनेवर उभं आहे. तरी स्पीकर माझ्याकडे नेहमी तयार पेटीतून यायचा. त्याचे आकडे पाठ होते, वायरिंग झोपेतही करता आलं असतं. पण तो मुळात उभा कसा राहतो हे हातांना ठाऊक नव्हतं. म्हणून ठरवलं, की सुटे भाग जमवून एक साडेसहा इंची ड्रायव्हर स्वतः बांधायचा. लाकडी पेटी कुणीही सुतार करून देईल. पेटीच्या आत जो प्रत्यक्ष हवा हलवतो, तो ड्रायव्हर मला हवा होता.

रचना सांगायला सोपी आहे. एका लोखंडी खांबाभोवती गोल फट असते. त्या फटीत चुंबकाचं बळ एकवटलेलं असतं. फटीत तांब्याच्या तारेची कॉइल तरंगत असते आणि तिला कोन चिकटवलेला असतो. तारेतून गाण्याची वीज वाहिली, की कॉइल पुढे-मागे ढकलली जाते, कोन तिच्याबरोबर जातो आणि हवा हलते. कॉइलने फटीच्या बरोबर मध्ये राहावं म्हणून मागे सुती कापडाची वळ्यावळ्यांची चकती असते, तिला धंद्यात स्पायडर म्हणतात. आणि पुढे कोनाच्या कडेला रबराची, फोमची किंवा कापडाची लवचीक पट्टी असते. बस, एवढंच. यातला प्रत्येक भाग बाजारात मिळतो. तरीही टेबलावर मांडून ठेवलेल्या त्या भागांतून आवाज येत नाही. आवाज येतो तो त्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यातून, आणि ते नातं बाजारात मिळत नाही. हे सगळं काम मला त्या एका गोष्टीपाशी घेऊन गेलं.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीच्या आसपास विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची दाट वस्ती आहे. तिथल्याच एका बोळात स्पीकर दुरुस्त करणारे एक काका बसतात. भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले चार इंचांपासून अठरा इंचांपर्यंतचे कोन, टेबलावर एक जुना मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न. माझा बेत ऐकून ते म्हणाले, “अहो, आधी जळलेला एक उघडा. काय मेलंय ते नीट बघा. मग नव्याचं बोलू.” त्यांनी पुढ्यात ठेवलेला स्पीकर गणपतीत मांडवात लागलेला होता. गणपती ते दसरा हा त्यांचा जळालेल्या कॉइलींचा हंगाम. कोन कापून कॉइल बाहेर काढली, तर एनॅमल काळं पडलेलं, वेढे सुटून फुगलेले आणि फटीच्या भिंतीवर घासल्याच्या चकाकत्या रेषा.

ती कॉइल हातात धरून मी पहिल्यांदा उष्णतेचा विचार केला. साध्या कोनाच्या स्पीकरला दिलेल्या विजेतला जेमतेम एक टक्का, बहुतेक वेळा त्याहून कमी भाग आवाज होतो. बाकी सगळी वीज त्या कॉइलमध्ये उष्णता होऊन राहते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे थंड असताना ६ ओहम असलेली कॉइल १५० अंशांनी तापली, तर साडेनऊ ओहमच्या घरात जाते. मग त्याच अ‍ॅम्प्लिफायरकडून तिला कमी वीज मिळते आणि आवाज दबतो. कार्यकर्ते आवाज दबला म्हणून आणखी वाढवतात, आणि कॉइल जळते. मांडवात रात्री उशिरा आवाज बसका का होतो, हे मी कितीदा ऐकलं होतं. त्याचं कारण त्या दिवशी काळ्या पडलेल्या तारेत दिसलं.

काकांकडे असे जळलेले स्पीकर पुन्हा उभे करता करता त्यांच्या हाताची रीत समजली, आणि मग सामान जमवायला लागलो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर स्पीकरचे सुटे भाग विकणारी दुकानं आहेत. तिथला बराच माल दिल्लीच्या लाजपत राय मार्केटकडून येतो. कागदावर आखलेला स्पीकर एक असतो आणि दुकानात मिळणाऱ्या भागांतून होणारा दुसरा. कॉइलचा व्यास हवा तो मिळाला, तर त्याच्या मापाचा स्पायडर नसतो. स्पायडर मिळाला, तर कोनाची मान मोठी निघते. म्हणून आधी जे हमखास मिळतं ते निश्चित केलं, म्हणजे २५ मिमीची कॉइल, त्या मापाचा स्पायडर, साडेसहा इंची पत्र्याची फ्रेम आणि ९० मिमी व्यासाचं फेराइटचं कडं. उरलेलं त्याभोवती आखलं. यात मला कमीपणा वाटला नाही. कारखान्यातला अभियंताही जे साचे हाताशी आहेत त्यांच्यातूनच मार्ग काढतो.

कोन विकत घेताना खिशातल्या वजनकाट्याचा उपयोग झाला. सोनार वापरतात तसा मिलिग्रॅम दाखवणारा तो छोटा काटा आहे. एकाच गठ्ठ्यातले, दिसायला हुबेहूब कोन वजनाला सारखे निघत नाहीत. कोन कागदाच्या लगद्यापासून बनतो. जाळीच्या साच्यावर लगदा बसतो, पाणी ओढून काढतात, मग दाबून तापवून वाळवतात. लगदा कुठे जाड, कुठे पातळ बसतो. मी प्रत्येक कोन काट्यावर ठेवला, उजेडासमोर धरून कागद सगळीकडे सारखा आहे का पाहिलं आणि नखाने हलकेच टिचकी मारून ऐकलं. दुकानदार आधी कंटाळला, मग स्वतःच आतून दुसरा गठ्ठा घेऊन आला.

स्पायडर निवडायची पद्धत मात्र काकांनी शिकवली. हे सुती कापड फेनॉलिक राळेत बुडवून गरम साच्यात दाबलेलं असतं. राळ किती मुरली यावर त्याचा ताठपणा ठरतो. स्पायडर कडेने बसवायचा, मध्यावर १०० ग्रॅमचं वजन ठेवायचं आणि तो किती दबला ते डायल गेजवर वाचायचं. मग उलटा करून पुन्हा तेच. दोन्ही बाजूंना सारखा दबणारा आणि एक मिलीमीटरच्या आसपास जाणारा मी ठेवला. एका बाजूला सहज जाणारा आणि दुसऱ्या बाजूला अडणारा स्पायडर असेल, तर कोन पुढे एक बोलतो आणि मागे दुसरं. त्याचं पर्यवसान आवाजाच्या विकृतीत होतं.

खांब आणि वरची प्लेट मी तयार घेतली नाही, कारण तिथेच फट ठरते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्नरकडे नकाशा घेऊन गेलो. माल कमी कार्बनचं मऊ पोलाद, कारण चुंबकी प्रवाह त्यातून सहज जातो. खांबाचा व्यास २५ मिमी, वरच्या प्लेटचं भोक २७ मिमी, प्लेटची जाडी ५ मिमी. म्हणजे खांबाभोवती सगळीकडून १ मिमीची फट राहते. या एका मिलीमीटरात कॉइलची जाडी अर्धा मिमी, आणि आतून-बाहेरून पाव-पाव मिमी मोकळीक. पाव मिमी म्हणजे साध्या लिहिण्याच्या कागदाच्या दोन-अडीच तावांएवढी जागा. त्या जागेत कॉइलने सेकंदाला शेकडो वेळा वर-खाली जायचं आणि कुठेही टेकायचं नाही. फट मोठी ठेवली तर कॉइल निर्धास्त फिरेल, पण चुंबकाचं बळ हवेत पसरून जाईल. म्हणून फट लहान हवी, आणि लहान हवी म्हणून ती सगळीकडे सारखी हवी.

टर्नरने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “साहेब, फिरणारा भाग आहे का?” मी म्हटलं, फिरत नाही, पण फिरणाऱ्यापेक्षा जास्त हलतो. त्याने जॉब चकमध्ये धरला, शेवटचा हात अगदी पातळ मारला आणि मी न सांगता डायल लावून खांब किती वाकडा फिरतो ते पाहिलं. काटा जवळजवळ हललाच नाही. यंत्रकामातली ही अचूकता पुण्याच्या आसपास इतक्या हातांत आहे, की आपण तिची दखल घेणंच विसरलो आहोत.

चुंबकाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्यात स्पीकरचा सगळा इतिहास येतो. सुरुवातीच्या स्पीकरमध्ये कायमचं चुंबक नसायचं. तेव्हाची चुंबकं अशक्त होती, म्हणून विजेवर चालणारं मोठं वेटोळं लावून चुंबकत्व निर्माण करत. पुढे अल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणाचं अल्निको आलं. १९७८ साली झाईरमधल्या शाबा प्रांतात लढाई झाली, जगाला मिळणाऱ्या कोबाल्टचा मोठा वाटा तिथून यायचा, आणि त्याची किंमत भडकली. तेव्हा उरलेसुरले कारखानेही फेराइटकडे वळले. फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचं भाजलेलं, काळं, ठिसूळ कडं. ते स्वस्त असतं आणि आकाराने मोठं लागतं. काकांकडे जुन्या रेडिओचा अल्निकोचा स्पीकर आला, की ते गिऱ्हाइकाला बजावतात, “चुंबकाचा भाग उघडू नका, शक्ती जाईल.” अल्निको त्याच्या लोखंडी मंडलातून बाहेर काढलं, की खरोखरच त्याचं चुंबकत्व बरंचसं उतरतं. फेराइटचं तसं होत नाही.

फेराइटचं कडं मी चार्ज न केलेलं आणलं. प्लेटा, कडं आणि खांब आधी चिकटवून घ्यायचे आणि मग सगळं एकत्र चार्ज करायचं, ही कारखान्याची रीत मला पटली. आधीच चुंबक झालेलं कडं हाताळताना लोखंडी प्लेट झेपावते, बोटं चेंगरतात आणि मध्य साधत नाही. खांब आणि प्लेट यांच्यामध्ये पितळेचं गोल गेज घालून फट सारखी धरली, अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव्य लावलं आणि शिकंज्यात रात्रभर ठेवलं. गेज काढल्यावर फट आतून स्वच्छ पुसली. चिकटपट्टी दुमडून ती फटीतून पुन्हा पुन्हा फिरवायची, लेथचा एकही कण राहता कामा नये. चुंबक चार्ज झालं, की लोखंडाचा बारीकसा कणही तिथे जाऊन उभा राहतो आणि मग निघता निघत नाही.

मग ते मंडल एका छोट्या वर्कशॉपमध्ये चार्जिंगला नेलं. मोठमोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठवतात आणि जाड तारेच्या वेटोळ्यातून ती एका क्षणात सोडतात. धप्प असा आवाज येतो, टेबल हादरतं, काम संपतं. आत ठेवताना थंड असलेला लोखंडाचा तो गोळा बाहेर येतो तेव्हा खिशातल्या किल्ल्या ओढायला लागतो.

कॉइल मात्र मी घरी गुंडाळली. कॅप्टॉन या प्लॅस्टिकच्या पिवळसर पातळ फिल्मची नळी लेथवर कातलेल्या गोल लाकडावर चढवली. कॅप्टॉन उष्णता सोसतं आणि वीज वाहू देत नाही. अल्युमिनियमची नळी उष्णता लवकर बाहेर नेते, पण चुंबकात हलताना तिच्यातच प्रवाह निर्माण होतो आणि तो हालचालीला विरोध करतो. दोन्ही मार्ग योग्य आहेत; मला लहान स्पीकर मोकळा हवा होता. तार ०.१८ मिमीची, मीटरला सुमारे ०.६८ ओहम रोध. ८ ओहम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पीकरचा मल्टिमीटरवर रोध ६ ओहमच्या आसपास असतो. त्यासाठी पावणेनऊ-नऊ मीटर तार लागते. २६ मिमी व्यासावर एक वेढा ८२ मिमीचा, म्हणजे साधारण १०८ वेढे. ते दोन थरांत घेतले. थर दोन असले, की तारेची दोन्ही टोकं एकाच बाजूला, कोनाकडे, येतात. एनॅमलसकट तार ०.२ मिमी, म्हणून गुंडाळीची उंची झाली ११ मिमी.

हा ११चा आकडा प्लेटच्या ५शी जोडून वाचावा लागतो. कॉइल प्लेटपेक्षा ६ मिमी उंच आहे, म्हणून ती मध्यापासून ३ मिमी पुढे आणि ३ मिमी मागे गेली तरी फटीत तेवढेच वेढे राहतात आणि जोर बदलत नाही. त्यापलीकडे गेली की वेढे फटीतून बाहेर पडतात आणि आवाज फाटू लागतो. उंची वाढवली तर पल्ला वाढतो, पण फटीबाहेरच्या तारेचं ओझं आणि रोध उगाच वागवावा लागतो. तार जाड घेतली तर फट वाढवावी लागते. वेढे वाढवले तर जोर वाढतो आणि वजनही. कुठलाही एक आकडा मनाप्रमाणे हलवता येत नाही. त्याच्या मागे सगळे हलतात. गुंडाळताना एका हाताने तार ताणून धरायची आणि दुसऱ्या हाताने लाकूड फिरवायचं, आणि प्रत्येक वेढा आधीच्याला टेकून बसतोय हे नखाने जाणवत राहतं. ती तंद्री मला रियाजासारखी वाटली.

जोडणीचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडता येत नाही. खांबाभोवती जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या उभ्या लावायच्या, त्यावरून कॉइल सरकवायची, म्हणजे ती आपोआप मध्यावर येते. आपल्याकडचे कारागीर पूर्वीपासून हीच फिल्म वापरत आले आहेत, कारण तिची जाडी या मोकळिकीला नेमकी बसते. कॉइलवर आधीच पेन्सिलची खूण केलेली असते. गुंडाळी प्लेटच्या वर ३ मिमी आणि खाली ३ मिमी राहील अशी उंची खुणेवरून जुळवायची. मग स्पायडर फ्रेमला आणि कॉइलला चिकटवायचा. तो बसला की कोन उतरवायचा, मान कॉइलला आणि कड फ्रेमला. कॉइल, कोन आणि स्पायडर जिथे एकत्र येतात तो सांधा हा सगळ्या स्पीकरचा कणा आहे. तिथे दोन भागांचं कडक होणारं इपॉक्सी लागतं. गोंद मऊ राहिला तर कॉइलची बारीक थरथर कोनापर्यंत पोचत नाही आणि झांजेचा, व्यंजनांचा तजेला हरवतो. कडेला मात्र लवचीक रबरी चिकटद्रव्य हवं. आणि सगळं मोजून. हलणाऱ्या भागांचं एकूण वजन जेमतेम ९ ग्रॅम असताना ग्रॅमभर जादा गोंद म्हणजे नववा हिस्सा. काका सुईने गोंद सोडतात, एकसारखी बारीक कडी, कुठेही थेंब नाही. त्यांचं बघून मीही सुईच घेतली.

कॉइलपासून फ्रेमवरच्या टर्मिनलपर्यंत जाणारी तार साधी चालत नाही. ती लाखो वेळा वाकते आणि तुटते. तिथे खास वेणी लागते. सुताच्या धाग्यावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळायची आणि असे धागे एकत्र विणायचे. पैठणीच्या पदरातली जर जशी धाग्यावर धातू चढवून बनते, तशीच ही. तिची लांबीही समजून ठेवायची. आखूड पडली तर कोन ओढला जातो, लांब झाली तर कोनावर आपटून खडखडते.

सांधे पूर्ण वाळल्यावर फिल्मच्या पट्ट्या हळूच वर ओढल्या. त्यानंतरची परीक्षा बोटांची. कोनाच्या मध्याभोवती सगळी बोटं सारखी टेकवायची, अलगद दाबायचं, सोडायचं, आणि कान जवळ नेऊन ऐकायचं. फटीत कुठेही स्पर्श झाला तर कागदावर नख ओढल्यासारखी बारीक खर ऐकू येते. काही ऐकू आलं नाही. दीड व्होल्टचा सेल लावला, धन टोकाला धन, आणि कोन बाहेर आला. म्हणजे दिशा बरोबर. मग २० हर्ट्झपासून वर हळूहळू सरकणारा शुद्ध स्वर दिला. संगीतात लपणारा दोष या एका स्वराला लपवता येत नाही. खाली कोन डोळ्यांना दिसेल इतका डोलत होता, वर जाता जाता तो स्थिर झाल्यासारखा दिसू लागला आणि आवाज मात्र तेवढाच राहिला. राइस आणि केलॉग यांनी हेरलेली गोष्ट हीच. मूळ अनुनादाच्या वर कोनाची हालचाल त्याच्या वजनाच्या ताब्यात जाते. कंप्रता दुप्पट झाली, की हालचाल चौथ्या हिश्शावर येते, पण त्याच वेळी हवा कोनाकडून तेवढ्याच प्रमाणात जास्त घेते. एकाची घट दुसऱ्याची वाढ भरून काढते, आणि म्हणून इतक्या साध्या वस्तूतून इतके सप्तक एकसारखे निघतात. पुस्तकात मी हे वाचलं होतं. कोनावर टेकवलेल्या बोटाच्या टोकाला ते जाणवलं तेव्हा खरं पटलं.

मग मोजमाप. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्या मागून रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पीकरचा सगळा स्वभाव मोजक्या आकड्यांत बसवला. ते आकडे घरच्या टेबलावर काढता येतात. स्पीकरला एक मोठा रोध जोडायचा, कंप्रता बदलत न्यायची आणि व्होल्टेज कुठे सर्वांत वर चढतं ते पाहायचं. माझ्या ड्रायव्हरचा अनुनाद ५८ हर्ट्झला आला. कोनावर साडेचार ग्रॅम मऊ माती समान पसरून पुन्हा मोजलं, तर तो ४७च्या जवळ उतरला. त्यावरून हलणारं वजन ९ ग्रॅमच्या आसपास निघतं. जोराचा आकडा, म्हणजे चुंबकाचं बळ आणि फटीतल्या तारेची लांबी यांचा गुणाकार, पाचच्या थोडा आत. एक वॅट दिला तर सुमारे चार मिलिवॅट आवाज. आणि अनुनादावरचा लगाम दाखवणारा एकूण आकडा ०.७. या आकड्याचा स्पीकर लहान बंद पेटीत घुसमटतो. त्याला मोकळी पाठ किंवा ऐसपैस पेटी मानवते. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या लाकडी पेट्या मागून उघड्या का असत, याचं उत्तर असं माझ्या स्वतःच्या टेबलावर येऊन पडलं. मीही मग रुंद फळीवरच तो बसवला.

ऐकायला मी आधी तंबोरा लावला, नुसता तंबोरा. जवारी ही स्पीकरची सर्वांत कठोर परीक्षा आहे, कारण तिच्यात एका स्वरातून स्वरांची अख्खी रांग उमलते. स्पीकर त्यातला एखादा स्वर पुढे काढतो किंवा मागे लोटतो, ते लगेच कळतं. नंतर किशोरीताईंचा भूप ऐकला, मग डग्ग्याची मींड, मग नाटकातली संवादाची ध्वनिमुद्रणं. वरच्या पट्टीत, दोन-तीन हजार हर्ट्झच्या पुढे, कागदी कोन एकसंध राहत नाही. त्याचे भाग वेगवेगळे थरथरू लागतात, आणि तिथे थोडा आग्रही उजेड ऐकू आला. मध्यावर कोणती डस्ट कॅप लावायची हे मी म्हणूनच शेवटपर्यंत ठरवलं नव्हतं. कडक कागदाची टोपी तो उजेड वाढवते, कापडाची आवरते. कापडाची लावली. मधला भाग मात्र, जिथे माणसाचा आवाज राहतो, तिथे मला समाधान मिळालं. गाणारी व्यक्ती श्वास घेते ती जागा ऐकू येत होती.

दुकानातून आणलेल्या स्पीकरबद्दल मी नेहमी ‘याचा आवाज असा आहे’ असं म्हणायचो, जणू तो त्याचा जन्मजात स्वभाव आहे. स्वतः बांधल्यावर तसं म्हणता येत नाही. खालचा स्वर इतकाच का जातो, हे स्पायडर निवडताना ठरलं. वरचा उजेड कोन आणि टोपीने ठरवला. जोर लेथवर ठरला. ऐकताना मी आता फटीतली मोकळीक, गोंदाची कडी, वेढ्यांची उंची असं सगळं ऐकतो. नाट्यगृहातही माझी वागणूक बदलली. मागून कुणी ‘आवाज वाढवा’ म्हटलं, की मला कॉइलचं तापमान डोळ्यासमोर येतं, आणि मी आधी स्पीकरची जागा आणि तोंड बदलून पाहतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

या कामात माझे खरे गुरू निघाले ते दुरुस्तीवाले काका आणि भोसरीचा टर्नर. एकाने मला भार आणि गोंद शिकवला, दुसऱ्याने मध्य. आपल्याकडे यांच्या कामाला किरकोळ मानायची सवय आहे, आणि ती मला खुपते. जळालेल्या स्पीकरमध्ये पाव मिलीमीटरच्या मोकळिकीत कॉइल नेमकी बसवणारा माणूस सूक्ष्म यंत्रकाम करत असतो. तंत्रशाळांमधून हे काम मुलांच्या हाताखाली यायला हवं असं मला मनापासून वाटतं. एका स्पीकरमध्ये चुंबकत्व, उष्णता, लवचीकपणा, ध्वनी आणि कातकाम हे सगळे विषय एकत्र येतात. शिवाय निकाल कानाला लगेच मिळतो, त्यासाठी परीक्षकाची गरज पडत नाही.

कुणाला करून पाहायचं असेल, तर जळालेल्या स्पीकरपासून सुरुवात करा. जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे जा, शेजारी बसू द्या म्हणावं, आणि त्याच्या वेळेचे पैसे न विसरता द्या. एक काटा, एक मायक्रोमीटर आणि एक मल्टिमीटर एवढी हत्यारं पुरतात. नंतर स्वतःचा बांधाल तेव्हा दोन बांधा, कारण मैफल ऐकायला जोडीच लागते. दोन्ही स्पीकर सारख्याच चुंबकाचे, एकाच गठ्ठ्यातल्या कोनांचे असूनही सारखे होत नाहीत. ते सारखे करावे लागतात. माझ्या दुसऱ्या ड्रायव्हरचा अनुनाद ५९ हर्ट्झला आला. पहिला चांगला झाला त्यात नशिबाचाही वाटा असू शकतो. दुसरा त्याच्या इतका जवळ आला, तेव्हा मला वाटलं, की हे काम आता आपल्याला येतं.